मोटारीचा खेळ आणि बापूसाहेबांच्या तीन चादरी

श्री. नारायणराव किनखेडे वकील, म्हणजे आपणा सर्वांचे बापूसाहेब, यांची आणि माझी पहिली ओळख सांडपाण्याच्या एका नालीमुळे झाली. वडिलांच्या पश्चात मंगरूळपीरच्या बाजारातले कापडाचे दुकान नुकतेच माझ्याकडे आले होते. शेजारच्या दुकानदाराने आपल्या दारापुढे फरशी बसवल्यापासून पाणी माझ्या पायरीशी तुंबते, अशी माझी तक्रार होती आणि मला दावा लावायचा होता. बापूसाहेबांनी माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. कोट अंगात घातला आणि म्हणाले, "चाल, पाणी ओतून पाहू."

भर बाजारात उभे राहून त्यांनी शेजाऱ्यालाच घागर आणायला सांगितली, स्वतःच्या हाताने पाणी ओतले, आणि ते कुठे जाते हे आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. पाणी त्याच्या फरशीमुळे नव्हे, माझ्याच पायरीखालची वीट खचल्यामुळे मागे फिरत होते. "वीट बदल," बापूसाहेब म्हणाले. "तरी तुंबलं त दावा लावू." वीट बदलली. दाव्याची गरज पडली नाही, आणि त्या शेजाऱ्याशी माझे आजतागायत चांगले आहे.

बापूसाहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कायद्याच्या अभ्यासाविषयी त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी अशा एका खटल्याविषयी लिहिणार आहे, जो उभाच राहिला नाही. ज्याच्यावरचा तो टळला, तो माझा मित्र युसूफ मिस्त्री गेल्या हिवाळ्यात वारला. हे सांगायचे होते ते खरे तर त्याने. तो माझ्यापेक्षा चांगले सांगत असे.

युसूफचे रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचे दुकान माझ्या दुकानाला लागून होते. मधली भिंत एकच. तो कारंज्याच्या एका उस्तादांकडे काम शिकला होता. त्याच्या दुकानाच्या पाटीवर त्याचे स्वतःचे नाव नव्हते, उस्तादांचे होते. ज्याच्याकडून हुन्नर घेतला त्याचे नाव कामावर घालायचे, आपले नाही, अशी त्याच्या मिस्त्री मंडळींतली रीत होती. बाहेरगावचे लोक पाटी वाचून त्यालाच त्या नावाने हाक मारीत आणि तो निमूटपणे ओ देई. मी एकदा विचारले, "अरे, तुह्यं नाव कवा कळन लोकाईले?" तो म्हणाला, "रेडिओ वाजला म्हंजे झालं न शांतीभाऊ. नाव कायले पायजे?"

दुष्काळाची वर्षे सरल्यानंतर युसूफ सामान आणायला नागपूरला गेला, तेव्हा तिथल्या प्रदर्शनात त्याने एक यंत्र पाहिले. काचेखाली रस्ता पळतो, आपण चाक धरून छोटी मोटार चालवायची, समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या, धडकलो की घंटी वाजते. मुंबईच्या एका कंपनीचे ते यंत्र होते. युसूफ ते खेळला, आणि मग इतरांना खेळताना पाहत संध्याकाळभर तिथेच उभा राहिला. परत आल्यावर माझ्या दुकानाच्या ओसरीवर बसून म्हणाला, "शांतीभाऊ, हे मी करू शकतो."

त्याने ते केले. ताडपत्रीचा पट्टा शिवून दोन लाकडी रुळांवर चढवला. त्यावर रस्ता रंगवला. रूळ फिरवायला पंख्याची मोटार आणि सायकलची साखळी. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या जागी पट्ट्यावर पत्र्याचे तुकडे बसवले, आपली मोटार त्यांना टेकली की घंटी वाजे. वर एक पाटी रंगवून लावली. जागा माझ्या ओसरीची, लाकूड माझ्या गोदामातले, म्हणून तो मला भागीदार म्हणे. प्रत्यक्ष कामात मी फक्त पट्टा शिवायला दोरा दिला होता, हे खरे.

उरुसात आम्ही ते यंत्र दर्ग्याच्या रस्त्याला मांडले. लोकांनी रांगा लावल्या. यंत्र बैलगाडीवर घालून आमच्याकडे आणा, असा केनवडच्या बाजारातून निरोप आला. युसूफ हरखून गेला होता. घंटी वाजली की तो वळून हसत असे.

त्याच उरुसात मुंबईच्या कंपनीचा एक माणूस आला होता. त्यांची यंत्रे लावता येतील का, हे पाहायला तो गावोगावच्या जत्रा हिंडत होता. त्याने आमचे यंत्र सगळ्या बाजूंनी पाहिले आणि निघून गेला. महिन्याभराने वकिलाची नोटीस आली. इंग्रजी मजकूर होता, मी वाचून अर्थ लावला. तुम्ही आमचा खेळ, आमचे चित्र आणि आमचे नाव चोरले आहे. यंत्र आमच्या ताब्यात द्या, वर्तमानपत्रात माफी छापा, नाही तर अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू.

'चोरले' हा शब्द मी युसूफला वाचून दाखवायला नको होता. पण तो कागदावर होता.

युसूफने कागदाची घडी करून तो मला परत दिला. मग म्हणाला, "लोकं आपले रेडिओ माह्याजोळ ठेवून जातेत. पावती मांगत नाही कोनी. आता मांगतीन." पंखा दुरुस्त केला की निघालेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत देणारा हा माणूस. त्याला दावा हरण्याची भीती नव्हती, त्या एका शब्दाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडले तेव्हा तो यंत्रापाशी कुऱ्हाड घेऊन उभा होता. फोडून टाकतो म्हणत होता. मी त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि त्याला तसाच बापूसाहेबांकडे नेले.

बापूसाहेबांनी नोटीस वाचली, बाजूला ठेवली आणि विचारले, "खेळ कसा हाये?"

"साहेब, चोरीचा हाये," युसूफ म्हणाला.

"ते मले ठरवू दे. मजा येते का, ते इचारून राह्यलो."

दुपारी ते स्वतः ओसरीवर आले. बरोबर त्यांच्या घरच्या तीन चादरी होत्या. या चादरींविषयी काकूंची, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नींची, जुनी तक्रार आहे. "ह्यायच्या अशिलाईनं माह्या घरची एक चादर धड ठेवली नाही," असे त्या आजही म्हणतात. शेतीच्या वाटणीचा वाद असो, विहिरीच्या मोटेचा असो, बापूसाहेब वस्तू समोर मांडल्याशिवाय बोलत नाहीत. नालीत पाणी ओतण्याचाच तो प्रकार.

आधी ते खेळायला बसले. कोट, टोपी, चष्मा, सगळे अंगावर ठेवूनच. प्रत्येक गाडीला धडकले. घंटी थांबेना. समोरच्या पानवाल्याने तिथूनच हाक दिली, "बापूसाहेब, लायसन हाये का?"

"लायसन हाये, नजर नाही," ते म्हणाले आणि पुन्हा धडकले.

मग त्यांनी तिन्ही चादरी अंथरल्या आणि युसूफला सांगितले, "हे पाय. ही चादर त्याईची, कंपनीवाल्याईची. ही साऱ्या दुनियेची. अन् ही तुही. आता यंत्र खोल, अन् जे ज्याचं हाये ते त्याच्या चादरीवर ठेव."

युसूफने पाना घेतला आणि एकेक भाग सोडवू लागला. रूळ, साखळी, पट्टा, घंटी, पत्र्याचे तुकडे, सगळे तो कंपनीच्या चादरीवर ठेवत गेला. बापूसाहेबांनी ठेवू दिले. सर्व ठेवून झाल्यावर त्यांनी विचारायला सुरुवात केली. साखळी कंपनीच्या यंत्रात होती का? युसूफने त्यांचे यंत्र आतून पाहिलेच नव्हते, ते बंद होते. मग ही जुळणी कुणी शोधली? "शोधली काय साहेब, बसवून बसवून बसली." बापूसाहेबांनी साखळी, रूळ आणि घंटीची तार उचलून युसूफच्या चादरीवर ठेवली. तो संकोचून मागे सरकला.

"अन् खेळ?" युसूफने विचारले. "चाक धराचं, गाड्या चुकवाच्या, घंटी. ते त त्याईचंच हाये. ते मी पाहूनच घेतलं."

"ठेव मंग त्याईच्या चादरीवर."

युसूफ इकडे तिकडे पाहू लागला.

"ठेवता येत नाही न? ठेवायले वस्तूच नाही," बापूसाहेब म्हणाले. "आट्यापाट्या कोनाच्या हायेत? गावोगाव खेळतेत. पाटी आखाची, गडी उभे कराचे, चुकवून पल्याड जाचं. ज्यानं पहिल्यांदा काढला त्याले कोनी इचारत नाही. खेळाची रीत कोनाच्या मालकीची रायत नाही युसूफ. ती दुनियेच्या चादरीवर. यंत्राच्या आतल्या एखाद्या युक्तीचं पेटंट त्याईनं घेतलं असन, त गोष्ट निराळी. ते मी त्याईले लेखी इचारतो. उत्तर येईपर्यंत यंत्र चालवाचं नाही. तुह्या मनानं तू अलग बनवलं असलं तरी पेटंटापुढं ते चालत नाही, हे ध्यानात ठेव."

ही त्यांची दुसरी सवय. धीर देण्यासाठी त्यांनी कधी कुणाला धोका लपवून सांगितला नाही.

मग त्यांनी पट्टा उलगडला. रस्त्याच्या एका बाजूला निळा समुद्र, नारळाची झाडे, दुसऱ्या बाजूला उंच इमारती.

"समुद्र पायला का तू?"

"नाही साहेब."

"मंग काढला काहून?"

"त्याईच्या यंत्रात होता."

"हे चित्र त्याईच्या माणसानं काढलं, त्याच्यावर त्याचा हक्क हाये. रीत घेतली त चालते, चित्र नाही चालत." पट्टा कंपनीच्या चादरीवरच राहिला.

राहिली ती वरची पाटी. तिच्यावर लाल अक्षरांत कंपनीचे नाव आणि पंख पसरलेला बगळा, ही त्यांची खूण. ती पाटी मात्र युसूफने आपणहून, धूळ पुसून, आपल्या चादरीवर ठेवली. सगळ्या यंत्रात तेवढेच एक काम आपण नीट केले, असे त्याला वाटत होते. त्याने ती पाटी रंगवायला सगळ्यात जास्त वेळ घेतला होता.

बापूसाहेबांनी ती उचलली आणि कंपनीच्या चादरीवर ठेवली.

युसूफ म्हणाला, "साहेब, ते त मी इज्जतीनं लिहिलं. ज्याच्यापासून शिकलो त्याचं नाव. मी माह्यं नाव टाकलं असतं त चोरी होती."

बापूसाहेबांनी चष्मा काढला.  मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मिस्त्री लोकाईत ते इज्जत हाये. मले ठाऊक हाये. पण पाटी वाचनारा काय समजन? हे यंत्र कंपनीचं हाये, असंच समजन न? कायद्याच्या नजरेत ते त्याईच्या नावावर आपला माल चालवनं हाये. साऱ्या नोटिशीत खरी चूक असन त ही."

"म्हंजे खेळ पाहून घेतला ते चोरी नाही, अन् नाव घेतलं ते चोरी?"

"चोरी म्हनू नको. चूक म्हन. पण हो, असंच हाये ते."

युसूफ खाली बसला. तो रडला नाही, पण त्याच्याकडे पाहवत नव्हते. बापूसाहेब पंचा झटकून त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, "शांतिनाथ, चहा सांग. अन् त्या पानवाल्यालेही सांग, तो मघापासून कान लावून हाये." चहा आला. पानवाला खरेच आला. सर्वांसमक्ष बापूसाहेब म्हणाले, "ह्यानं त्याईचं नाव मिरवलं, लपवलं नाही. ज्याले चोरी कराची असते तो मालकाचं नाव पुसते. हे मी लिहूनही देनार हावो." बाजारात ही बातमी पानवाल्याकडून पसरेल, हे त्यांना पक्के माहीत होते. दुसऱ्या दिवसापासून युसूफला त्या शब्दावरून कुणी काही बोलले नाही. लोक रेडिओ ठेवून गेले आणि पावती मागितली नाही.

उत्तराचा मसुदा बापूसाहेबांनी मला वाचून दाखवला. पाटी आणि चित्र ही आमची चूक आहे, ती आम्ही पुसत आहोत, हे त्यांनी अगदी पहिल्या ओळीत लिहिले होते. आधीच कबूल कसे करता, असे मी विचारले. ते म्हणाले, "जे चुकलं ते पहिले सांगून टाकाचं. मंग बाकीचं भांडता येते." पुढे त्यांनी खेळाच्या रीतीवर कुणाचा हक्क नसतो हे मांडले होते, पेटंट असल्यास त्याचा क्रमांक मागितला होता, आणि शेवटी पाटीवर नाव का घातले गेले ते साध्या शब्दांत लिहिले होते. वकिली पत्रात असे लिहितात की नाही, मला ठाऊक नाही.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढे दिवस यंत्र माझ्या ओसरीवर बंद पडून होते. बापूसाहेब कोर्टातून घरी जाताना रोज वाट वाकडी करून येत, युसूफजवळ बसत. खटल्याचे बोलत नसत. एकदा म्हणाले, "तू समुद्र काढला, त्याच्यापेक्षा जऊळक्याचं फाटक काढ न. तिथं मी बैलगाडीत बसून किती उन्हाळे काढले हायेत, आगगाडी येता येत नाही." युसूफने जुना पट्टा सोडवून त्याचा रंग खरवडला, पाटीवरचे नाव आणि बगळाही खरवडला, आणि नव्याने रस्ता रंगवायला घेतला. जऊळक्याचे रेल्वे फाटक, कापसाच्या गाड्या, लाल एस.टी., बाभळी, रस्त्यात आडवी बसलेली एक पत्र्याची म्हैस, आणि शेवटी आपला दर्गा.

कंपनीच्या वकिलाचे पत्र आले. पेटंटाचा उल्लेख त्यात नव्हता. नाव आणि चित्र काढल्याची आमच्या माणसाकडून खात्री झाली की आमची तक्रार राहणार नाही, एवढेच होते. पुढच्या उरुसात तोच माणूस आला. त्याने कोरी पाटी पाहिली, स्टुलावर बसला, चाक धरले आणि पहिल्या वळणावरच म्हशीला धडकला. दोन-तीनदा खेळला. उठताना हसून म्हणाला, "काही म्हणा, खेळ आमचाच आहे."

बापूसाहेब बाजूला उभे होते. ते म्हणाले, "खेळ तुमचा नाही, आमचाही नाही. म्हैस मात्र आमची आहे."

तो माणूसही मोठा दिलदार निघाला. त्याने युसूफला हात दिला आणि आपल्या यंत्राची साखळी वारंवार निसटते, तुम्ही कशी बसवली, असे विचारले. युसूफने सगळे उघडून दाखवले. मी बापूसाहेबांकडे पाहिले. ते म्हणाले, "दाखवू दे. त्याचं हाये, तो दाखवन."

पाटी मात्र कोरी राहिली. युसूफ म्हणाला, "ज्याईचा खेळ पायला त्याईचं नाव लिहिता येत नाही, मंग वकीलसाहेब, तुमचं लिहितो. तुमीच शिकवलं, कोनाचं काय हाये ते." बापूसाहेब म्हणाले, "वकिलाचं नाव वाचून लोकं खेळायले येतीन का पळून जातीन? तुह्यं लिही." युसूफने मान डोलावली आणि लिहिले नाही. त्यानंतर बापूसाहेब ओसरीवरून जाताना दर वेळी विचारत, "पाटी कोरीच का रे?" आणि तो म्हणे, "लिहितो साहेब, घाई काय हाये." अशी काही वर्षे गेली. दोघांचाही तो एक खेळच होऊन बसला होता.

युसूफचे दुखणे लांबले तेव्हा बापूसाहेबांचे स्वतःचे गुडघे साथ देत नव्हते. तरी ते त्याच्या घरी जात. वाशीमच्या डॉक्टरांकडे नेण्याची सोय त्यांनी केली, हे युसूफच्या पत्नी जुबेदा भाभींनी मला नंतर सांगितले. ते स्वतः कधी बोलले नाहीत. तो गेला त्या दिवशी ते कबरस्तानापर्यंत चालत आले. परत आल्यावर माझ्या ओसरीवर, यंत्राच्या स्टुलावर बसले. आम्ही दोघेही बोललो नाही. दुःखात मला बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांनी मला कधी बोलायला लावले नाही. त्यांच्या अनेक उपकारांत हा मी वरचा मानतो.

भाभींनी यंत्र माझ्याकडेच ठेवायला सांगितले. या उरुसाच्या आधी मी पेंटर बोलावला. ब्रश लावण्यापूर्वी बापूसाहेबांकडे गेलो आणि विचारले, की माणूस हयात नाही, त्याची संमती नव्हती, तर त्याचे नाव लिहिता येते का. भाभींची परवानगी मी घेतली होती, तरी विचारले.

ते म्हणाले, "साऱ्या नावाईत हेच एक होतं, जे लिहायले कोनाची परवानगी लागत नव्हती. एवढंच मी त्याले पटवू शकलो नाही." मग आत जाऊन एक चादर घेऊन आले. धुऊन घडी केलेली, पण साखळीच्या तेलाचा डाग तसाच होता. "ही त्याची. यंत्रावर टाक. धूळ बसते."

आता पाटीवर 'युसूफ मिस्त्री, मंगरूळपीर' असे लिहिले आहे, आणि यंत्र त्या चादरीखाली असते. बापूसाहेबांना परमेश्वराने पुष्कळ आयुष्य द्यावे, गुडघ्यांना बळ आणि नजरेला उजेड द्यावा. दर उरुसात मी ती चादर काढीन, त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवीन, आणि त्यांनी यावे, चाक धरावे, म्हशीला धडकावे. घंटी वाजली की मी वळून पाहीन.

— शांतिनाथ बोराळकर, मंगरूळपीर